पहिल्या पगारातून बचत कशी करावी: बारावी-आयटीआयच्या वयातील कमावत्या मुलामुलींसाठी

दिवाळीआधीचे दोन महिने कपड्यांच्या दुकानांत, जूनमध्ये वह्या-पुस्तकांच्या दुकानांत आणि वर्षभर मेडिकल, झेरॉक्स सेंटर, शिकवणी वर्ग व कारखान्यांतील अप्रेंटिसशिप अशा ठिकाणी सोळा ते एकोणीस वर्षांची मुले-मुली आयुष्यातला पहिला पगार कमावतात. मी कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवते, त्यामुळे अशी मुले दरवर्षी माझ्या वर्गात असतात. त्यांच्या हातून पैसे जातात ते उधळपट्टीमुळे, असे घरचे लोक म्हणतात, पण मला तसे फारसे दिसलेले नाही. मुले सज्जनपणे ठरवतात की खर्च भागवून उरेल ते ठेवू, आणि सहा-आठ हजारांच्या पगारात उरत काहीच नाही. म्हणून या लेखातील बहुतेक पायऱ्या पगार हातात येण्याच्या आधीच्या आणि पगाराच्या दिवसाच्या आहेत. महिन्याच्या वीस तारखेनंतर बचतीचा विचार करणाऱ्याला मदत करणे मला आजवर जमलेले नाही.

कामाला लागण्याआधी काय विचारून घ्यावे

वय चौदा ते अठरा असेल तर कायद्याच्या भाषेत तुम्ही किशोरवयीन कामगार ठरता. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर या वयाच्या मुलांना खाणी, ज्वालाग्राही पदार्थ, स्फोटके आणि धोकादायक प्रक्रिया यांत कामाला ठेवता येत नाही. इतर ठिकाणीही संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत त्यांच्याकडून काम करून घेता येत नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यावी लागते आणि आठवड्यातून एक पूर्ण सुट्टी द्यावी लागते. बचतीच्या लेखात हे सांगण्याचे कारण असे की, रात्री दहापर्यंत दुकानात उभे राहून मिळवलेले जादा हजार रुपये बारावीच्या निकालात कितीतरी महाग पडतात.

पगार किती, हा प्रश्न सगळेच विचारतात. तो कोणत्या तारखेला, रोख की खात्यात, एका खाड्याचे किती कापणार आणि पहिल्या महिन्याचा पगार 'अनामत' म्हणून अडकवून ठेवणार का, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे. माझ्या एका विद्यार्थ्याला ही शेवटची गोष्ट काम सुरू केल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात कळली आणि त्याने मित्राकडून उसने घेतलेले बसभाडे दोन महिने फिटले नाही. मागील महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत मिळावा, असा सर्वसाधारण नियम आहे. मालक तोंडीच सांगत असेल, तर ठरलेला आकडा आणि तारीख त्याला व्हॉट्सॲपवर सौम्य शब्दांत लिहून पाठवावी: "काका, ठरल्याप्रमाणे महिना ६,००० आणि ५ तारखेला पगार, सोमवारपासून येते." एवढा संदेशही पुढे उपयोगी पडतो.

उचल घेण्याची सवय पहिल्या महिन्यापासूनच टाळावी. महिन्याच्या मध्यावर दुकानदार आपुलकीने पाचशे-हजार रुपये देतो, त्यात वाईट हेतू नसतो. पण उचल कापून आलेला पगार आधीच अपुरा असतो, म्हणून पुढच्या महिन्यात पुन्हा उचल घ्यावी लागते, आणि हे चक्र एकदा सुरू झाले की पगाराचा दिवस असा काही राहतच नाही.

खाते स्वतःच्या नावावर

रोख पगार मिळत असला तरी बँकेत किंवा टपाल कार्यालयात स्वतःचे खाते हवे. दहा वर्षांवरील अल्पवयीन मुलाला बचत खाते स्वतंत्रपणे उघडून चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिलेली आहे. त्या खात्यात किती रक्कम ठेवता येईल आणि कोणत्या सोयी मिळतील हे प्रत्येक बँक ठरवते. त्यामुळे शाखेत "पालकासोबतचे खाते" हा एकच पर्याय सांगितला, तर अल्पवयीनाने स्वतः चालवायच्या खात्याबद्दल स्पष्ट विचारावे. किमान शिल्लक राखणे कठीण असेल तर मूलभूत बचत खाते किंवा जनधन खाते मागावे, कारण त्यात शिल्लक शून्य झाली तरी दंड बसत नाही. टपाल खात्यात किमान ५०० रुपये ठेवावे लागतात.

खाते उघडताना पासबुक आवर्जून घ्यावे आणि महिन्यातून एकदा ते छापून आणावे. मोबाइलवर शिल्लक दिसते हे खरे, पण दोन पानांवर सलग छापलेल्या नोंदी वाचताना आपला महिना कसा गेला ते जसे दिसते, तसे पडद्यावर दिसत नाही. शक्य असेल तर दोन खाती ठेवावीत: एक पगाराचे व रोजच्या यूपीआय व्यवहारांचे, आणि दुसरे बचतीचे, जे कोणत्याही यूपीआय ॲपला जोडलेले नसेल. माझ्या अनुभवात या एका व्यवस्थेने जेवढी बचत वाचवली तेवढी कोणत्याही उपदेशाने वाचवलेली नाही, कारण टपरीवर कोड स्कॅन करताना बचतीचे पैसे समोर दिसतच नाहीत.

पहिला महिना: फक्त लिहा

पहिल्या महिन्यात खर्च कमी करण्याचा प्रयत्न करू नये; तो फक्त लिहावा. दोन वर्षांपूर्वी बारावीतील एक विद्यार्थिनी दुपारी एक ते पाच स्टेशनरीच्या दुकानात काम करून महिना सहा हजार रुपये मिळवत होती आणि पैसे कुठे जातात ते कळत नाही म्हणून माझ्याकडे आली. तिला मी एक शंभरपानी वही दिली. महिन्याने आम्ही ती उघडली, तेव्हा चहा, वडापाव, मैत्रिणीच्या वाढदिवसाचा केक, बसभाडे असे सगळे नीट अक्षरात लिहिलेले होते. त्यात १९ रुपयांची एक नोंद पुन्हा पुन्हा येत होती. दिवसाचा डेटा संपला की ती छोटे रिचार्ज मारत असे, महिन्यात चौदा वेळा, म्हणजे २६६ रुपये, आणि मूळ रिचार्ज वेगळाच. तिने पुढच्या महिन्यात जास्त डेटाचा प्लॅन घेतला आणि त्यातच सुमारे दोनशे रुपये सुटले. वहीशिवाय हे तिला कळले नसते, मलाही कळले नसते.

नोंद त्याच दिवशी रात्री करावी. आठवड्याने आठवून लिहिलेल्या वहीत मोठे खर्च येतात आणि दहा-वीस रुपयांचे निसटतात, आणि आपल्याला शोधायचे असतात ते नेमके हेच.

घरी किती द्यायचे

हा विषय पैशाबद्दलच्या इंग्रजी पद्धतीच्या सल्ल्यांत क्वचितच येतो, पण आपल्याकडे तो पहिला असतो. पहिला पगार देवापुढे ठेवून आईच्या हातात द्यायचा, शेजारी पेढे वाटायचे, ही रीत सुंदर आहे आणि ती पाळावी. पहिल्या पगारातून बचत झाली नाही तरी काही बिघडत नाही. अडचण होते ती दुसऱ्या महिन्यापासून, कारण घरी किती द्यायचे हे कुणीच मोकळेपणाने बोलत नाही. मग लागेल तसे पैसे जातात: गॅस सिलिंडर आला, लहान भावाची सहल निघाली, मामाच्या घरच्या लग्नाचा आहेर द्यायचा आहे. प्रत्येक कारण खरे असते. तरीही महिनाअखेरीस मुलाला वाटते की आपले सगळेच घरात गेले, आणि आई-वडिलांना वाटते की पोराने काही दिलेच नाही.

म्हणून आकडा ठरवावा आणि तो पगाराच्या दिवशीच, मागण्याआधी, द्यावा. बोलणी पगाराच्या आदल्या आठवड्यात, घरातले सगळे निवांत असताना करावीत, आणि सोबत खर्चाची वही ठेवावी. "आई, मी दर महिन्याला पंधराशे देईन, आणि दोन हजार जूनच्या फीसाठी बाजूला टाकणार आहे, म्हणजे फीच्या वेळी बाबांना कुणाकडे मागावे लागणार नाही," असे सांगितले की बचत ही मुलाची वेगळी तिजोरी न वाटता घराच्याच खर्चाची तरतूद वाटते, आणि ती खरोखर तशीच असते. ज्या घरात आजारपण किंवा कर्ज आहे तिथे निम्म्याहून अधिक पगार घरी द्यावा लागेल. तिथे शंभर रुपयांची बचतही पुरेशी मानावी आणि तिच्याबद्दल मनात अपराधीपणा बाळगू नये. पालकांनाही माझी एक विनंती आहे: मुलाच्या बचतीचे पैसे अडचणीत घ्यावे लागले, तर ते उसने म्हणून घ्यावेत आणि परत करण्याची तारीख सांगावी.

पगाराच्या दिवशीची वाटणी

त्या विद्यार्थिनीने तिच्या सहा हजारांची वाटणी अशी केली होती: घरी १,५००, बचत २,०००, बसप्रवास ७००, रिचार्ज ३००, खाणे-पिणे ७०० आणि हौसेचे ८००. हे आकडे आदर्श नव्हेत, एका घरातले आहेत. पण त्यांतला क्रम महत्त्वाचा आहे. पगार ५ तारखेला दुपारी जमा होत असे आणि त्याच संध्याकाळी घरचे व बचतीचे असे साडेतीन हजार रुपये पगाराच्या खात्यातून बाहेर पडत. उरलेले अडीच हजार हाच आपला पगार, असे तिने स्वतःला समजावले होते. हौसेचे आठशे रुपये काढून टाकण्याचा मोह मी तिला होऊ दिला नाही, कारण हौसेला जागा न ठेवलेले अंदाजपत्रक दुसऱ्याच महिन्यात मोडते.

बचतीतली पहिली रक्कम अडचणीसाठी असावी. एका महिन्याच्या पगाराइतके पैसे जमेपर्यंत सगळी बचत दुसऱ्या बचत खात्यातच ठेवावी. वरच्या उदाहरणात यासाठी तीन महिने लागले. हंगामी नोकरी दिवाळीनंतर संपते, दुकान बंद होते, सायकल चोरीला जाते, परीक्षेसाठी महिनाभर काम सोडावे लागते. अशा वेळी हे पैसे नसले, तर नंतर केलेली प्रत्येक मुदतीची ठेव अर्धवट मोडावी लागते.

नोकरी कंपनीत किंवा ठेकेदारामार्फत असेल तर पगारपत्रकातील कपातीही समजून घ्याव्यात. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना भविष्य निर्वाह निधी लागू होतो, त्यात तुमचे १२ टक्के कापले जातात आणि तेवढेच मालक भरतो. अप्रेंटिस कायद्याखाली नेमलेल्या शिकाऊ उमेदवाराला मात्र तो लागू नाही. ही कपात म्हणजे तुमचीच बचत आहे. पैसे प्रत्यक्ष जमा होतात का, हे उमंग ॲपवरील पासबुकात दर दोन महिन्यांनी पाहावे, विशेषतः ठेकेदार मध्ये असेल तर. नोकरी बदलली की तोच यूएएन (भविष्य निर्वाह निधीचा तुमचा कायमचा क्रमांक) नव्या मालकाला द्यावा आणि जमा रक्कम काढून न घेता पुढे वळती करावी. महाराष्ट्रात व्यवसाय कर पुरुषांना महिना साडेसात हजारांपर्यंत लागत नाही, दहा हजारांपर्यंत १७५ रुपये आणि त्यापुढे २०० रुपये (फेब्रुवारीत ३००) लागतो. स्त्रियांना पंचवीस हजारांपर्यंतच्या पगारावर तो माफ आहे. मुलींच्या पगारातून तो चुकून कापला गेल्याचे दिसले, तर लगेच विचारावे.

पैसे ठेवायचे कुठे

अडचणीची रक्कम जमली की आवर्ती ठेव सुरू करावी. या वयात मला याहून योग्य साधन दिसत नाही, कारण तिच्यात दर महिन्याचा हप्ता ठरलेला असतो आणि तो खात्यातून आपोआप कापला जाऊ शकतो. पुढच्या जूनमधील फीसाठी बँकेत एका वर्षाची ठेव घ्यावी. महिना १,००० रुपये आणि साडेसहा टक्के दर धरला, तर वर्षाअखेरीस १२,००० वर साधारण सव्वाचारशे रुपये व्याज मिळते. ही रक्कम लहान आहे, हे मी मुलांना आधीच सांगते. एका वर्षात व्याजाने कुणी श्रीमंत होत नाही. ठेवीचा उपयोग असा की ते बारा हजार ऑक्टोबरच्या ऑनलाइन सेलमध्ये गेलेले नसतात.

ज्यांना लगेच गरज नाही त्यांच्यासाठी टपालाची पाच वर्षांची आवर्ती ठेव चांगली. ती महिना १०० रुपयांपासून सुरू होते आणि दहा वर्षांवरील मुलांना स्वतःच्या नावे घेता येते. ऑक्टोबर २०२३ पासून तिचा दर ६.७ टक्के आहे. सरकार दर तिमाहीला दरांचा आढावा घेते, पण खाते उघडताना जो दर असेल तो पूर्ण मुदतीसाठी कायम राहतो. या दराने महिना ५०० रुपये भरले तर पाच वर्षांत ३०,००० चे सुमारे ३५,७०० होतात. हप्ता चुकला तर शंभर रुपयांमागे महिना एक रुपया दंड बसतो, आणि सलग चार हप्ते चुकल्यावर खाते खंडित होण्याची वेळ येते. म्हणून हप्ता झेपेल त्याच्या थोडा खालीच ठेवावा. दोनशे रुपये साठ महिने भरणारा मुलगा हजार रुपये सात महिने भरणाऱ्यापेक्षा पुढे जातो.

पिग्मीबद्दल मला आपुलकी आहे. उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये रोज दोन आणे गोळा करणारी ही योजना सुरू केली, आणि आज महाराष्ट्रातील गावोगावच्या पतसंस्थांचे एजंट दुकानोदुकानी फिरून त्याच पद्धतीने वीस-पन्नास रुपये गोळा करतात. रोजंदारीवर काम करणाऱ्या मुलाला महिन्याचा हप्ता जमत नाही, त्याच्यासाठी ही पद्धत फार सोयीची आहे. मात्र एक फरक ठाऊक असला पाहिजे. बँकेतील ठेवींना, सहकारी बँकांतीलही, प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत ठेव विमा असतो. पतसंस्थेतील ठेवींना तो नसतो. शिवाय मुदतीआधी पिग्मी बंद केली तर बहुधा व्याज मिळत नाही आणि उलट कमिशन कापले जाते. त्यामुळे पिग्मीत पैसे गोळा करावेत, पावती किंवा मशीनची नोंद रोज घ्यावी, आणि मुदत संपताच रक्कम बँकेत हलवावी. मित्रांच्या भिशीचेही तसेच आहे: ओळखीच्या दहा जणांत, लहान रकमेची असेल तर चालेल, पण फीचे पैसे भिशीत कधीही अडकवू नयेत, कारण आपला नंबर मार्चमध्ये लागेल की ऑगस्टमध्ये, हे आपल्या हातात नसते.

म्युच्युअल फंड आणि शेअर यांविषयी मुले मोठ्या उत्साहाने विचारतात. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर, अडचणीची रक्कम व फीची सोय दोन्ही असताना, महिना पाचशे रुपयांची एसआयपी, म्हणजे फंडात दरमहा ठरलेली गुंतवणूक, सुरू करायला माझी हरकत नाही. त्याआधी मात्र नको, आणि फ्यूचर्स-ऑप्शन्सच्या (शेअर बाजारातील फार जोखमीच्या सौद्यांच्या) व्हिडिओंच्या वाटेला तर अजिबात जाऊ नये.

बचत खाणाऱ्या दोन गोष्टी

पहिली म्हणजे मोबाइलचा हप्ता. अठरा हजारांचा फोन 'बिनव्याजी' नऊ हप्त्यांत घेतला तर महिना दोन हजार रुपये जातात, म्हणजे आपल्या उदाहरणातील सगळी बचत. हंगामी नोकरी चौथ्या महिन्यात संपली तरी हप्ते पाच उरलेले असतात. त्याहून गंभीर गोष्ट अशी की अल्पवयीनाशी केलेला करार भारतीय करार कायद्यानुसार टिकत नाही, म्हणून असे कर्ज वडिलांच्या किंवा मोठ्या भावाच्या नावावर निघते आणि हप्ता चुकला की त्यांचा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीचे गुण, खाली येतो. पुढे घराला किंवा ट्रॅक्टरला कर्ज मागताना ते आडवे येते. फोन हवाच असेल तर त्याच्यासाठी नऊ महिन्यांची आवर्ती ठेव काढावी आणि रोख घ्यावा.

दुसरी गोष्ट सांगताना मला अजूनही वाईट वाटते. आयटीआयमधील एका मुलाला ओळखीच्या एकाने सांगितले, "तुझे खाते आणि एटीएम कार्ड महिनाभर दे, दोन हजार देतो." त्याने दिले. त्या खात्यावरून फसवणुकीचे पैसे फिरले, पोलिसांच्या सूचनेवरून बँकेने खाते गोठवले, आणि त्याचे स्वतःचे जमवलेले नऊ हजार रुपये व महिन्याचे विद्यावेतन त्यातच अडकले. पुढचे कित्येक महिने तो सायबर पोलीस ठाण्याच्या फेऱ्या मारत होता. आपले खाते, कार्ड, सिम किंवा ओटीपी कुणालाही, अगदी चुलतभावालाही, वापरायला देऊ नये. तसेच पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. तो मागितला म्हणजे पैसे जाणार आहेत. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नये, तत्काळ १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक.

अठरावा वाढदिवस आणि मुदत संपण्याचा आठवडा

अठरा पूर्ण झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात बँकेत जाऊन नव्या सहीचा नमुना द्यावा, केवायसी पूर्ण करावी आणि नामनिर्देशन भरावे. हे न केल्यास खात्यातील व्यवहार अडू शकतात. अल्पवयीन असताना काढलेल्या पॅन कार्डावर फोटो आणि सही नसते, त्यामुळे तेही अद्ययावत करून घ्यावे. याच भेटीत वर्षाला २० रुपये हप्त्याची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना सुरू करता येते, जिच्यात अपघाती मृत्यूला दोन लाखांचे संरक्षण असते. रोज दुचाकीवरून एमआयडीसीत जाणाऱ्या मुलाने ती घेतलीच पाहिजे.

आवर्ती ठेवीची मुदत संपण्याआधी आठवडाभर शाखेत जाऊन रक्कम कोणत्या खात्यात जमा होणार ते विचारावे आणि ती बचतीच्या दुसऱ्या खात्यातच पडेल असे पाहावे, कारण पगाराच्या खात्यात एकदम आलेले बारा हजार आठ दिवसांत विरघळतात. त्या विद्यार्थिनीची ठेव पूर्ण झाली ती मे महिन्याच्या शेवटी. तिने १ जूनला प्रथम वर्षाच्या प्रवेशाची फी भरली, पावती वहीच्या शेवटच्या पानाला टाचली आणि त्याच दिवशी शाखेत जाऊन नवी ठेव उघडली, या वेळी महिना बाराशेची.